भिंत घरातली, भार इमारतीचा

सिंगापूरच्या हार्बरफ्रंट स्थानकातून बाहेर पडलं की एका हाताला व्हिवोसिटी मॉल आणि सेंटोसाकडे झेपावणारी केबल कार दिसते. दुसऱ्या हाताला, माउंट फेबरच्या टेकडीला वळसा घालून, तेलोक ब्लांगाच्या सरकारी वसाहती सुरू होतात. यातल्या पुष्कळ इमारती 1970च्या दशकातल्या आहेत. ‘एचडीबी’ म्हणजे हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड या सरकारी मंडळाने त्या बांधल्या. सिंगापूरच्या दर चार रहिवाशांपैकी तिघांहून अधिक जण या मंडळाच्या घरांतच राहतात. कायम रहिवासाचा परवाना मिळून तीन वर्षं झालेली परदेशी कुटुंबं इथली जुनी घरं विकत घेऊ शकतात. पुण्या-मुंबईहून येऊन सिंगापुरात रुजलेले मराठी नवरा-बायको घर बघायला निघतात, तेव्हा त्यांच्या यादीत अशी जुनी, ऐसपैस, समुद्राजवळची घरं असतातच.

घर ताब्यात आलं की पहिली नजर स्वयंपाकघराच्या भिंतीवर जाते. पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्यात स्वयंपाकघर मागे, बंद, निमुळतं. आजच्या घरात पोळ्या लाटणाऱ्याला दिवाणखान्यातल्या गप्पांत भाग घ्यायचा असतो आणि अभ्यासाला बसलेलं मूल ओट्यावरून दिसावं असं वाटतं. ही इच्छा अगदी रास्त आहे. पण तेलोक ब्लांगातला ठेकेदार हातोडा उचलण्याआधी मंडळाकडे अर्ज करतो. कोणती भिंत पाडायची ते नकाशावर दाखवतो आणि परवानगी हातात आल्यावरच कामाला लागतो. त्याचं स्वतःचं नाव मंडळाच्या ठेकेदारांच्या सूचीत असावं लागतं. सूचीत नसलेल्या माणसाकडून असं काम करून घेताच येत नाही.

भिंत विटांची किंवा हलक्या ब्लॉकची आणि भार न घेणारी असेल तर परवानगी मिळते. खांब, तुळई, स्लॅब आणि भार घेणारी काँक्रीटची भिंत यांना हात लावायला ती मिळत नाही. सळया आहेत पण भार नाही असा काँक्रीटचा एखादा भाग काढायचा झाला, तरी नोंदणीकृत अभियंत्याची सही लागते. नियम मोडला तर 5,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तोडलेलं पुन्हा होतं तसं करून देण्याचा आदेश येतो, आणि तो खर्च दंडाहून कितीतरी मोठा असतो. भिंत फोडण्यासारखं आवाजाचं काम सोमवार ते शुक्रवार, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 एवढ्याच वेळात करायचं. शनिवारी, रविवारी, सुट्टीच्या दिवशी नाही.

1998 नंतर बांधलेल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. प्रत्येक घरात जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची एक लहानशी खोली, युद्धकाळात आसरा घेण्यासाठी. मराठी घरांत तिथे डाळ-तांदळाचे डबे, प्रवासी बॅगा आणि गणपतीच्या मखराचं सामान ठेवलेलं असतं. ही खोली अडचणीची वाटते, कारण ती नेमकी घराच्या मध्यावर येते. पण तिच्या भिंती पाडणं सोडाच, दारही बदलता येत नाही. तसा 1997चा कायदाच आहे, आणि या खोल्या एकावर एक, थेट खालपासून वरपर्यंत रचलेल्या असतात.

याच कुटुंबातला भाऊ डोंबिवलीत किंवा ठाण्यात घर सजवायला काढतो तेव्हा काय होतं? इंटीरियरवाला येतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो, ‘ही जाईल’ म्हणतो. सोसायटीकडे एक छापील फॉर्म आणि अनामत रक्कम भरली जाते. फॉर्मवर ‘अंतर्गत दुरुस्ती’ एवढे दोन शब्द. सचिव सही करतात, कारण त्यांना दुसरं काही ठाऊक नसतं आणि शेजाऱ्याशी वैर नको असतं. मूळ बांधकामाचा संरचनात्मक नकाशा सोसायटीच्या कपाटात असेलच असं नाही. सोमवारी ब्रेकर सुरू होतो. कोणती भिंत पाडायची हा निर्णय अशा वेळी इमारतीबद्दल सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाने घेतलेला असतो.

हे बदललं पाहिजे. घराच्या आतल्या भिंतीचा निर्णय हा घरमालकाचा खासगी मामला मानणं महाराष्ट्राने आता थांबवायला हवं. याची किंमत मुंबईने अनेकदा मोजली आहे.

18 जुलै 2007 रोजी बोरिवली पश्चिमेला लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत कोसळली आणि सुमारे तीस माणसं गेली. तळमजल्यावरच्या दुकानात झालेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लागल्याचं पुढे आलं. 27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली आणि 61 जणांचा जीव गेला. ती महापालिकेच्याच मालकीची होती, वर राहत होती पालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या बेकायदा बदलांवर तपासात बोट ठेवलं गेलं. 25 जुलै 2017 रोजी सकाळी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली सिद्धी साई ही चार मजली इमारत खाली आली आणि 17 जण गेले. तिथे तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं. त्या जागेत नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. पोलिसांनी अटकही केली.

तिन्ही घटनांचं साम्य अस्वस्थ करणारं आहे. काम तळमजल्यावर चाललं होतं आणि माणसं वरच्या मजल्यांवर मेली. ज्यांनी आपल्या घरातला एक खिळाही हलवला नव्हता, त्यांची घरं गेली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला खालच्या गाळ्यात कोणता खांब तासला जातोय हे विचारण्याचा अधिकार आहे का, असेल तर तो कुणाकडे बजावायचा, आणि उत्तर किती तासांत मिळालं पाहिजे, हे या तीन घटनांनंतरही तिला नीट ठाऊक नाही.

सिंगापूरनेही आपले नियम शांत बसून शोधून काढलेले नाहीत. हार्बरफ्रंटहून एमआरटी या मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने निघालं की काही मिनिटांत लिटिल इंडिया येतं. तिथून सेरांगून रोडने थोडं पुढे, ओवेन रोडच्या चौकात, लियान याक बिल्डिंग नावाची सहा मजली इमारत होती. खाली बँक, मध्ये नाइट क्लब, वर हॉटेल न्यू वर्ल्ड. 15 मार्च 1986 च्या शनिवारी, दुपार व्हायच्या आत, ती मिनिटभरात जमीनदोस्त झाली. 33 माणसं दगावली, 17 जणांना ढिगाऱ्यातून जिवंत काढता आलं. त्या वेळी शहरात एमआरटीचे बोगदे खणले जात होते. बोगद्यांवर काम करणारे परदेशी अभियंते आपणहून मदतीला धावले आणि ढिगाऱ्याखालून वाट काढत अडकलेल्यांपर्यंत पोचले.

चौकशीत निघालं ते भयंकर होतं. 1971 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या इमारतीच्या हिशेबात माणसं, सामान, फर्निचर यांचं वजन धरलं होतं, पण इमारतीचं स्वतःचं वजन धरायचं राहून गेलं होतं. त्या कच्च्या सांगाड्यावर पुढच्या वर्षांत भर पडत गेली. बँकेची तिजोरी आली, छतावर वातानुकूलनाची यंत्रं आली, 1982 मध्ये बाहेरून फरशा बसवल्या गेल्या. मूळ दोष इतका मोठा होता की ही भर नसती तरी इमारत टिकली नसती, असा निष्कर्ष निघाला. आज घर सजवणाऱ्यांनी यातली एक बाब लक्षात ठेवावी. इमारत पंधरा वर्षं उभी होती, म्हणून ती भक्कम आहे असं सगळे धरून चालले होते. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य भिंत पाडताना सर्रास ऐकू येतं, आणि त्याला पुराव्याचं मोल नाही.

त्यानंतर 1989 मध्ये सिंगापूरने इमारत नियंत्रण कायदा आणला. आराखडा करणाऱ्या अभियंत्याचा हिशेब दुसऱ्या स्वतंत्र, मान्यताप्राप्त अभियंत्याने तपासायचा हा नियम त्यात आला. उभ्या इमारतींची ठरावीक काळाने तपासणीही सक्तीची झाली, निवासी इमारतींची दर 10 वर्षांनी आणि इतरांची दर 5 वर्षांनी. तेलोक ब्लांगातल्या स्वयंपाकघराची भिंत पाडायला लागणारी परवानगी त्याच शिस्तीत बसते.

खांब काढल्यावर नेमकं काय होतं, हे प्रत्येक घरमालकाने एकदा समजून घ्यावं. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही, साधा गुणाकार पुरतो. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे 2,500 किलो. पंधरा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला पावणेचार क्विंटल. त्यावर फरशी आणि तिच्याखालचा थर धरा शंभर किलो. माणसं आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानकात राहत्या घराला चौरस मीटरमागे सुमारे 200 किलो धरतात. चार बाय चार मीटरच्या जागेचा भार एका खांबावर येत असेल तर एका मजल्यामागे अकरा टनांच्या आसपास वजन झालं. भिंती आणि तुळया मिळवल्या तर पंधरा टन. सात मजली इमारतीच्या तळाशी असलेला तो खांब शंभर टन पेलत उभा असतो, रात्रंदिवस, कुरकूर न करता.

तो काढला तर हे शंभर टन नाहीसे होत नाहीत, शेजारच्या खांबांवर जातात. पालखीच्या भोयांपैकी एकाने अचानक खांदा काढला तर बाकीच्यांची जी गत होते, तीच या खांबांची होते. फरक एवढाच की खांबाला पाय टेकून सावरता येत नाही. तुळईचा गाळा चार मीटरचा असतो तो एकदम आठ मीटरचा होतो, आणि गाळा दुप्पट झाला की तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो. आधी खांब होता तिथे तुळईच्या सळया वरच्या अंगाला जास्त असतात, कारण ताण तिथे वर येतो. खांब गेल्यावर ताण खाली येतो आणि तिथे पुरेसं लोखंड नसतं. कधी इमारत तासाभरात पडते, कधी दोन पावसाळे उभी राहते. उभी राहिली तर ती आतून दुबळी होऊन उभी आहे, हे मात्र कुणाला कळत नाही.

सगळं धोक्याचं काम मोठ्या घणानेच होतं असंही नाही. मुंबईच्या जुन्या घरांत खांब भिंतीबाहेर चार-सहा इंच आलेला असतो. कपाट नीट बसत नाही, म्हणून सुतार म्हणतो, ‘कोपरा जरा तासून घेऊ.’ गवंडी छन्नी लावतो. खांबातल्या सळयांवर साधारण चार सेंटिमीटर काँक्रीटचं कवच असतं, ते आधी निघतं. मग आडव्या रिंगा दिसू लागतात. रिंग आड येते म्हणून कटरने कापली जाते. या रिंगाच उभ्या सळयांना घट्ट धरून ठेवतात. त्या कापल्या की दाबाखालची उभी सळई बाहेरच्या बाजूला वाकायला मोकळी होते. वरून पीओपी आणि रंग चढला की सगळं गुळगुळीत. कपाट मापात बसतं, आणि खांबाचा एक कोपरा आतून निकामी झालेला असतो. एसीच्या नळीसाठी किंवा चिमणीच्या धुरासाठी तुळईतून आरपार भोक पाडताना हेच घडतं. यंत्र काँक्रीटबरोबर सळईही कापून नेतं आणि बाहेर पडलेल्या गोल तुकड्यात तिचं चकचकीत तोंड दिसतं. ते दिसलं की काम तिथेच थांबवून अभियंत्याला बोलवायला हवं.

भार न घेणारी भिंत पाडतानाही डोकं वापरावं लागतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटेची भिंत तीन मीटर उंच असेल तर दर मीटर लांबीला सुमारे 800 किलो भरते. चार मीटर भिंत पाडली की तीन टनांहून अधिक राडारोडा. लिफ्टमधून माल नेण्याची वेळ ठरलेली, ट्रक रात्री येणार, म्हणून बिगारी तो सगळा एका खोलीत रचून ठेवतात. पाच चौरस मीटरवर तो ढीग आला की तिथल्या स्लॅबवर ठरलेल्या भाराच्या तिप्पट वजन पडतं. शिवाय भिंत इकडून काढून तिकडे बांधली, आणि नव्या जागी खाली तुळई नसेल, तर तेच ओझं कायमचं एकट्या स्लॅबच्या माथी बसतं.

विटांच्या भिंतींचं आणखी एक काम भूकंपात दिसतं. सांगाड्यामध्ये चिणून बांधलेल्या या भिंती इमारतीला आडवं हलू देत नाहीत. 26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यात खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले अशी रचना असलेल्या इमारती बऱ्याच होत्या. तळमजल्यावरच्या चार दुकानांच्या भिंती काढून एक मोठं शोरूम करताना आपण इमारतीला त्याच अवस्थेकडे ढकलतो.

गेल्या पंधरा वर्षांत प्रश्न आणखी बदलला आहे. जुन्या मुंबईकराला ‘नऊ इंची भिंत जाड, ती सोड; साडेचार इंची पातळ, ती पाड’ हा आडाखा ठाऊक असतो. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांत तो चालत नाही. तिथे अॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला बांधकामावर सगळे मायवान म्हणतात, भिंत आणि स्लॅब एकाच वेळी ओततात. अशा घरात खांब दिसतच नाहीत, कारण भिंतीच खांबाचं काम करतात. दोन झोपायच्या खोल्यांमधली सोळा सेंटिमीटरची भिंत पातळ वाटली तरी तिच्यावर वरचे तीस मजले उभे असू शकतात. त्यात वायरसाठी खोल खाच पाडणंसुद्धा चुकीचं. बोटाने टकटक करून सल्ला देणाऱ्या माणसाला हा फरक कळेलच असं नाही, आणि अशी घरं आता लाखांनी उभी राहत आहेत.

चीनमधल्या हार्बिन शहरात एप्रिल 2023 मध्ये नेमकं हेच झालं. 31 मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर व्यायामशाळा काढायची म्हणून भार घेणारी भिंत पाडली. भेगा पार विसाव्या मजल्याच्या वर गेल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण दोनशेहून अधिक कुटुंबांना घरं रिकामी करावी लागली. रहिवाशांनी भेगा वेळेवर पाहिल्या आणि प्रशासनाने इमारत तातडीने खाली केली.

दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये कुणी तशी तत्परता दाखवली नाही. सॅम्पुंग या पाच मजली दुकान-संकुलाचं बांधकाम 1987 मध्ये सुरू झालं तेव्हा आराखडा वेगळा होता. मालकाने सरकत्या जिन्यांसाठी खांब छाटायला लावले आणि वर पाचवा मजला चढवायचं ठरवलं. आधीच्या ठेकेदार कंपनीने नकार दिला तेव्हा तिला बाजूला सारून काम स्वतःच्या कंपनीकडे घेतलं. 80 सेंटिमीटरचे खांब 60 वर आले. 29 जून 1995 च्या सकाळी पाचव्या मजल्याला मोठ्या भेगा पडल्या होत्या. तो मजला बंद केला, पण दिवसाचा धंदा बुडेल म्हणून दुकान चालूच ठेवलं. संध्याकाळी इमारत वीस सेकंदांच्या आसपास खाली आली आणि 502 माणसं गेली. नकार देणारा ठेकेदार होता, भेगा दिसल्या होत्या, अभियंते येऊन पाहून गेले होते. त्यांचं ऐकणं मालकाला बंधनकारक नव्हतं.

परवानगीच्या सक्तीला महाराष्ट्रात एक जुना आणि खरा आक्षेप आहे. आणखी एक परवानगी म्हणजे आणखी एक टेबल, आणखी चिरीमिरी, आणखी सहा महिने. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे एक भिंत काढून श्वास घ्यायला जागा मिळत असेल तर कुणी का अडवावं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. नियम संदिग्ध आणि वेळखाऊ असेल तर लोक तो टाळणारच, आणि चोरून केलेलं काम परवानगीने केलेल्या कामापेक्षा जास्त घातक असतं. रात्री, घाईत, टेकू न लावता ते उरकलं जातं.

म्हणून सिंगापूरकडून दंडापेक्षा स्पष्टता घ्यायला हवी. तिथे घरमालकाला आपल्या घराचा नकाशा मंडळाकडून मिळतो आणि कोणत्या भिंतींना हात लावायचा नाही हे त्यावरून कळतं. अर्ज ठेकेदार ऑनलाइन करतो. हार्बरफ्रंटच्या आसपासच्या खासगी संकुलांत व्यवस्थापन समितीची संमती लागते, आणि सांगाड्याला हात लावायचा तर पात्र अभियंत्याने केलेला आराखडा सरकारी इमारत प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. कुणाची जबाबदारी कुठे संपते, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट अलीकडे झाली आहे. ऑक्टोबर 2024 च्या गृहविक्रीत मंडळाने क्रॉफर्ड हाइट्स या प्रकल्पात प्रयोग म्हणून अशी घरं आणली, ज्यांच्या आत खोल्यांच्या भिंतीच नाहीत आणि मध्ये तुळयाही येत नाहीत. मोकळा सांगाडा घ्यायचा आणि आपल्या गरजेप्रमाणे हलक्या भिंती उभ्या करायच्या. मूल झालं की एक खोली वाढवा, मूल परगावी गेलं की काढून टाका. भिंती पाडायची इच्छा लोकांना होणारच, हे सरकारने मान्य केलं आणि इमारतच त्यासाठी तयार केली. हार्बरफ्रंटच्या पश्चिमेला केपेल क्लबच्या जुन्या गोल्फ मैदानावर हजारो घरांची वसाहत आखलेली आहे, त्यातली बहुतांश सरकारी. अशा नव्या वसाहतींत घर पन्नास वर्षांत किती वेळा बदलेल याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. म्हाडा आणि सिडको पुढच्या सोडती काढताना एखाद्या इमारतीत तरी हा प्रयोग करू शकतात.

जुन्या इमारतीचं अंतरंग बदलायचंच नाही, असंही कुणी म्हणत नाही. हार्बरफ्रंटलाच सेंट जेम्स पॉवर स्टेशन आहे. 1927 पासूनचं वीजकेंद्र, 2009 मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरलेलं. 2022 मध्ये तिथे डायसन कंपनीचं जागतिक मुख्यालय सुरू झालं. विटांचा दर्शनी भाग आणि उंच धुराडी जागच्या जागी ठेवून आत आजचं कार्यालय उभं राहिलं. अभियंत्यांनी आधी मोजलं आणि मग हात लावला, म्हणून ते जमलं.

महाराष्ट्रात कायदा अजिबात नाही अशी स्थिती नाही. मुंबई महापालिका अधिनियमाच्या 353 ब कलमाप्रमाणे 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यायची तरतूद आहे. पण समिती म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून पद भूषवणारी पाच-सात सामान्य माणसं. त्यांनी कशाच्या आधारे हो किंवा नाही म्हणायचं, हे उपविधीत नाही. जबाबदारी दिली, साधन दिलं नाही.

ते साधन फार महाग नाही. प्रत्येक संस्थेने एकदा संरचना अभियंता नेमून प्रत्येक प्रकारच्या सदनिकेचा एक नकाशा करून घ्यावा. ज्याला कधीच हात लावायचा नाही ते लाल रंगात, अभियंत्याला विचारून ज्याचा विचार होऊ शकतो ते पिवळ्यात, जे काढता येईल ते हिरव्यात. हा नकाशा सूचना फलकावर कायम लावलेला असावा आणि घर विकताना कागदपत्रांबरोबर नव्या मालकाला द्यावा. शंभर सदनिकांत वाटला तर हा खर्च प्रत्येकाच्या मॉड्युलर किचनच्या एका ड्रॉवरइतकाही येणार नाही. फेरबदलाच्या अर्जावर ‘अंतर्गत दुरुस्ती’ लिहिलेलं चालू नये. कोणती भिंत, किती लांब, कुणाच्या सल्ल्याने, हे लिहावं आणि अभियंत्याने सही करावी. काम सुरू होण्याआधी वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्याची प्रत मिळावी.

महापालिकांनी दोन गोष्टी कराव्यात. तोडकाम करणाऱ्या ठेकेदारांची नोंदणी, सिंगापूरसारखीच, म्हणजे खांब तासणाऱ्याला पुढच्या इमारतीत काम मिळणार नाही. आणि एक असा दूरध्वनी क्रमांक, ज्यावर तक्रार आली की त्याच दिवशी अभियंता येऊन पाहील आणि गरज पडली तर काम जागेवर थांबवेल. दार अचानक घासू लागलं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, गिलाव्याचे पापुद्रे पडू लागले, तुळईतून करकर ऐकू आली, तर रहिवाशाने समितीच्या बैठकीची वाट न पाहता तो क्रमांक फिरवावा. तळमजल्याची दुकानं, बँका, दवाखाने यांच्या फेरबदलांना सर्वांत कडक नियम असावेत, कारण सगळ्या मजल्यांचं ओझं तिथे येऊन टेकतं आणि मोठी मोकळी जागा करायचा मोहही तिथेच जास्त असतो.

बहुतेक संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या आत होतात. पार्किंग, पाण्याची टाकी आणि गणेशोत्सवाची वर्गणी यांच्या जोडीला या वर्षी एक विषय घालता येईल: आपल्या इमारतीचा संरचनात्मक नकाशा कुठे आहे? नसेल तर बिल्डरकडून किंवा महापालिकेच्या मंजूर कागदपत्रांतून तो मिळवायची जबाबदारी एका सदस्यावर सोपवावी आणि त्यासाठी तारीख ठरवावी. तोपर्यंत कुठल्याही सदनिकेत वा गाळ्यात ब्रेकर चालणार नाही, असा ठराव त्याच सभेत करता येतो.